स्वच्छ केलेल्या दातांवर किटण आणि तोंडाला वास पुन्हा का येतो? कुत्र्या-मांजरांच्या दंतस्वच्छतेतील एका नेहमीच्या तक्रारीचे समस्या निवारण

भूल देऊन कुत्र्याचे दात स्वच्छ केले, मालक समाधानाने घरी गेले आणि काही दिवसांनी तेच मालक तीच तक्रार घेऊन दवाखान्यात परत आले, हा प्रसंग खानदेशात लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या बहुतेक पशुवैद्यकांच्या ओळखीचा आहे. "डाक्टरसाहेब, तोंडना वास परत येवाले लागना," एवढ्या एका वाक्यात तक्रार मांडली जाते आणि पुष्कळदा आपले उत्तरही तेवढेच तोकडे असते: पुन्हा एकदा स्केलिंग करू (किटण खरवडून काढू), नाहीतर तोपर्यंत प्रतिजैविकाचा एक कोर्स देऊ. कारण न शोधता दिलेली ही दोन्ही उत्तरे महिन्याभराने त्याच वाक्यापाशी आणून सोडतात. त्यामुळे अशा प्राण्याला पुन्हा टेबलावर घेण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. तक्रार किती दिवसांनी परत आली आणि तोंडाच्या नेमक्या कोणत्या भागात परत आली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून निम्म्याहून अधिक निदान होते.

यामागचा हिशेब असा आहे. स्वच्छ दातावर प्लाकचा चिकट थर चोवीस तासांच्या आत पुन्हा बसतो आणि लाळेतील क्षार मिसळून तो दोन-तीन दिवसांत कडक होऊन किटण बनू लागतो. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्याने हे क्षार लवकर बसतात. कुत्र्याचे दात किडण्याचे प्रमाण कमी आणि किटण मात्र जास्त, याचे हेही एक कारण आहे. तरीही डोळ्यांना दिसेल असा पिवळा-तपकिरी जाड थर चढायला काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणून वास आठ-पंधरा दिवसांतच परत आला असेल, तर नवे काही घडलेले नसून जुना आजार तोंडातून गेलेलाच नव्हता, असे धरून चालावे.

पंधरवड्याच्या आत परत आलेला वास

या गटातील बहुतेक प्राण्यांमध्ये दाताचा दिसणारा भाग स्वच्छ झालेला असतो आणि हिरडीखालचा भाग तसाच राहिलेला असतो. कपाशीच्या शेतातले कुंदा हे तण वरून कापून उपयोग होत नाही, कारण त्याच्या मुळ्या जमिनीत खोल असतात. येथेही वरचे पांढरेशुभ्र दात पाहून काम झाले असे वाटते. दातांच्या आधारऊतींचा (हिरडी, हाड) आजार हिरडीच्या, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या, खाचेत चालतो. वरचे किटण हे मुख्यतः प्लाकला धरून ठेवणारा खडबडीत पृष्ठभाग असते. हिरडी सुजवणारे आणि हाड झिजवणारे जिवाणू प्लाकमध्ये असतात.

भूल न देता, प्राण्याला धरून ठेवून केलेल्या स्केलिंगमध्ये हा दोष अटळ आहे. जागे असलेले जनावर हिरडीखाली अवजार जाऊ देत नाही, दातांच्या आतल्या बाजूपर्यंत हात पोहोचत नाही आणि यंत्राचे दूषित पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या दंतविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही या पद्धतीला स्पष्ट विरोध नोंदवलेला आहे. "भूल नको, नुसते वरवर करून द्या," असा आग्रह धरणाऱ्या मालकाला नकार देणे कठीण जाते. पण अशा कामाने आजार झाकला जातो आणि पुढच्या खेपेला दात काढण्याची वेळ येते, हे त्याला आधीच सांगितलेले बरे.

भूल देऊन काम झालेले असेल, तर पुढचा प्रश्न प्रोब (हिरडीच्या खाचेची खोली मोजणारी खुणांची बारीक सळई) वापरला होता का, हा आहे. निरोगी कुत्र्यात हिरडीच्या खाचेची खोली साधारण ३ मिलिमीटरपर्यंत आणि मांजरात अर्धा ते १ मिलिमीटर असते. कुत्र्याच्या ४२ आणि मांजराच्या ३० दातांपैकी प्रत्येकाभोवती चार ते सहा ठिकाणी प्रोब हलकेच उतरवून पाहिल्याशिवाय पॉकेट (आजाराने खोल झालेली खाच) कुठे आहे हे कळत नाही. वरच्या सुळ्याच्या टाळूकडील बाजूचे पॉकेट तर हमखास सुटते. तिथे हाड झिजून तोंड आणि नाक यांच्यात छिद्र पडले की प्राणी एका नाकपुडीतून शेंबूड गाळतो, वारंवार शिंकतो आणि मालक त्याला सर्दी समजून औषधे देत राहतात. डॅशहाऊंडमध्ये हे विशेष आढळते.

साधारण ५ मिलिमीटरपर्यंतच्या पॉकेटमध्ये हिरडी न उघडता क्युरेटने (हिरडीखाली खरवडण्याच्या हाताच्या अवजाराने) मुळाचा पृष्ठभाग साफ करता येतो. त्याहून खोल पॉकेटमध्ये आंधळेपणाने अवजार फिरवण्यात अर्थ नाही; तेथे हिरडी उचलून डोळ्यांदेखत सफाई करावी, नाहीतर दात काढावा. एखाद्या दाताचा निम्म्याहून अधिक आधार गेला असेल, म्हणजे आजार चौथ्या टप्प्यात असेल, तर त्या दाताला पॉलिश करून घरी पाठवणे ही मालकाची फसवणूक नसली तरी निरर्थक खर्च नक्कीच आहे.

आधार किती गेला हे ठरवण्यासाठी तोंडाचा एक्स-रे लागतो आणि आपल्याकडची खरी अडचण इथे येते. तालुक्याच्या ठिकाणी दातांचा एक्स-रे काढण्याची सोय असलेला पशुदवाखाना मिळणे अवघड असते. मोठ्या यंत्रावर तोंड तिरके ठेवून काढलेल्या चित्रात दोन्ही बाजू एकमेकींवर येतात, तरीही वरच्या चौथ्या उपदाढेच्या मुळाशी असलेला मोठा गळू त्यात बऱ्याचदा दिसतो. या दाढेला तीन मुळे असतात. तिच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते, कधी ती फुटते, प्रतिजैविकाने बसते आणि कोर्स संपताच पुन्हा उभी राहते. डोळ्याखालची अशी परत-परत येणारी सूज म्हणजे त्वचेचा विकार नसून दाताचा विकार आहे, असे समजूनच तपास सुरू करावा. एक्स-रेविना पुढे जाता येत नसेल, तर भुसावळ-जळगावकडच्या मालकांना रेल्वेने अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था गाठता येते आणि इतरांसाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी तेथे दातांच्या एक्स-रेची आणि शस्त्रक्रियेची वेळ विचारून घ्यावी.

प्रतिजैविकांविषयी एवढेच, की मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने वास आठवड्याभरात कमी होतो म्हणून ते उपचार ठरत नाही. प्लाक हा जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला थर असतो आणि तो खरवडून काढल्याशिवाय औषध त्यात पुरेसे शिरत नाही.

यंत्र चालते, पण किटण सुटत नाही

कधी कधी पशुवैद्यकाची पद्धत बरोबर असते आणि दोष यंत्रात असतो. अल्ट्रासॉनिक स्केलर, म्हणजे कंपनांनी किटण सोडवणारे यंत्र, याची टिप झिजत जाते. सुमारे १ मिलिमीटर झिजली तर तिची कार्यक्षमता साधारण पावपट घटते आणि २ मिलिमीटर झिजली तर निम्म्यावर येते. टिपेसोबत मिळणाऱ्या मापकार्डावर ती धरून पाहण्याचे काम सहायकाकडे नेमून द्यावे. झिजलेल्या टिपेने किंवा फार कमी शक्तीवर काम केले, तर किटण सुटण्याऐवजी त्याचा वरचा भाग घासून गुळगुळीत होतो. असे किटण बोटाला आणि प्रोबलाही दातासारखेच लागते, म्हणून ते राहून जाते आणि त्यावर नवा थर लवकर चढतो. काम संपल्यावर हवेच्या फवाऱ्याने दात कोरडा करून पाहावा. उरलेले किटण खडूसारखे पांढरे उठून दिसते. प्लाक रंगवणारे द्रावण माणसांच्या दंतसाहित्याच्या दुकानात मिळते आणि तेही या तपासणीला उपयोगी पडते.

पाण्याचा मुद्दा आपल्या भागात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. तापी-पूर्णेच्या गाळपट्ट्यात आणि त्याबाहेरच्या काळ्या पाषाणातही अनेक बोअरवेलचे पाणी जड असते. ते थेट स्केलरला जोडले, तर हँडपीसच्या (हातात धरायच्या भागाच्या) बारीक नळीत क्षार साचतात, फवारा कमी होतो आणि टिप तापते. फवारा कमी झाल्याचे लक्षात येत नाही, कारण पाणी अगदी बंद झालेले नसते. दाताच्या आतील मगजाला त्या उष्णतेने इजा होते आणि काही आठवड्यांनी तो दात गुलाबी-जांभळा किंवा करडा पडतो. स्केलरच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी वापरावे, टिपेभोवती धुक्यासारखा भरघोस फवारा उडतो याची सुरुवातीलाच खात्री करावी आणि एका दातावर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ टिप ठेवू नये. किटण उरले असेल तर दुसऱ्या दाताकडे जाऊन परत यावे. टिपेचे टोक दातावर टेकवू नये, बाजू फिरवावी. हिरडीखाली जायचे असेल तर त्यासाठी बनवलेली बारीक टिप लावून शक्ती कमी ठेवावी.

बोअरवेलच्या जड पाण्यामुळेच कुत्र्याच्या दातांवर किटण चढते का, असे मालक नेहमी विचारतात. किटणातील क्षार मुख्यतः लाळेतून येतात, त्यामुळे पिण्याचे पाणी बदलून ही तक्रार सुटेल अशी आशा लावू नये.

भारनियमनाच्या दिवसांत काम अर्धवट सोडावे लागते, हेही किटण राहण्याचे एक साधे कारण आहे. इन्व्हर्टरवर स्केलर, दिवा आणि ऑक्सिजनचे यंत्र एकत्र किती वेळ चालतात हे भूल देण्यापूर्वी तपासलेले असावे. वीज गेलीच, तर हाताच्या स्केलरने आणि क्युरेटने काम पूर्ण करता आले पाहिजे. ती अवजारे बोथट असतील तर ती नसल्यातच जमा आहेत.

दोन-तीन महिन्यांनी सगळ्या तोंडात परत आलेले किटण

येथे दोनच शक्यता तपासायच्या असतात: पॉलिशिंग झाले होते का, आणि घरी ब्रश होतो का.

स्केलिंगने दाताच्या पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि ते गुळगुळीत केले नाहीत तर प्लाकला धरायला जागा मिळते. रबराचा कप हिरडीच्या काठाशी किंचित पसरेल इतपत दाबून, भरपूर पेस्ट घेऊन, मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आत आणि प्रत्येक दातावर काही सेकंदच फिरवावा. पूर्ण गोल फिरणाऱ्या कपात पोमेरेनियन, शित्झू यांच्या ओठावरचे केस गुंडाळले जातात. मागेपुढे फिरणारा कप मिळाला तर तो त्रास टळतो. शेवटी हिरडीच्या खाचेतून पेस्टचे आणि किटणाचे कण धुऊन काढावेत. राहिलेली पेस्ट हिरडीला चांगलीच टोचते.

हे सगळे नीट करूनही घरी ब्रश होत नसेल तर काही महिन्यांत किटण परत येणारच, आणि त्यात पशुवैद्यकाचा दोष नाही. दोष असलाच तर तो डिस्चार्जच्या वेळी "घरी ब्रश करा" एवढेच सांगून मालकाला मोकळे केल्याचा आहे. ब्रश कसा धरायचा हे मालकाच्या हातात ब्रश देऊन दाखवावे लागते. लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. हिरडी भरून आल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, आधी बोटाला गुंडाळलेल्या ओल्या गॉजने सुरुवात करून मग ब्रशकडे वळावे. दातांच्या बाहेरच्या बाजू केल्या तरी बरेच साधते, कारण आतली बाजू जिभेने काही प्रमाणात साफ होत असते. रोज ब्रश करणे उत्तम, दिवसाआड चालेल. आठवड्यातून एकदा केलेल्या ब्रशचा हिरडीला काही उपयोग होत नाही.

माणसांची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. फ्लोराइड त्याच्या पोटात जाते आणि काही पेस्टमध्ये असलेले झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य कुत्र्याला घातक आहे. मीठ, राख किंवा मिश्री चोळण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात. मिश्रीत तंबाखू असतो आणि निकोटिन कुत्र्याला विषारी आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे जेल काही आठवड्यांपुरते चांगले, पण दीर्घकाळ वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि मालक तेच किटण समजून पुन्हा येतात.

आहाराबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात. दूध-भाकरी, बिस्किटे आणि रावेर-यावलकडे केळी, असा मऊ आहार बऱ्याच कुत्र्यांना मिळतो. दुसरीकडे "दात साफ होतील" म्हणून मटणाची नळी रोज चघळायला दिली जाते. अंगठ्याच्या नखाने ज्यावर खूण पडत नाही ती वस्तू दातासाठी फार कठीण समजावी. वरच्या चौथ्या उपदाढेचा कपचा उडण्याचे नेहमीचे कारण हाडूक हेच असते. बाजारातला साधा कोरडा आहार दात टेकताच फुटतो, त्यामुळे त्यानेही फारसे घासले जात नाही. दातांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी कशात तथ्य आहे हे पाहायचे असेल, तर १९९७ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय मौखिक आरोग्य परिषदेची मोहर वेष्टनावर आहे का, हे बघावे.

एकाच बाजूला किंवा एकाच दातावर

वरच्या चौथ्या उपदाढेवर इतरांपेक्षा थोडे अधिक किटण असणे स्वाभाविक आहे, कारण गालातील लालाग्रंथीची नळी तिच्यासमोरच उघडते. पण दोन्ही बाजूंत ठळक फरक असेल, तर प्राणी ती बाजू वापरत नाही आणि तेथे काहीतरी दुखते, असा अर्थ घ्यावा. त्या बाजूचा प्रत्येक दात तुटला आहे का, हलतो का, मुळांच्या दुभाजकात प्रोब शिरतो का, हे पाहावे. छोट्या जातींत पुष्कळदा दुधाचा सुळा पडलेला नसतो आणि नव्या सुळ्याला खेटून उभा असतो. त्या फटीत अन्न आणि केस अडकून वर्षभरात तिथली हिरडी खराब होते. सहा-सात महिन्यांच्या वयात तो दुधाचा दात दिसला तर तेव्हाच काढावा. छोट्या कुत्र्याची खालची पहिली मोठी दाढ काढताना मात्र जोर लावू नये. आजाराने पातळ झालेला जबडा त्या जागी मोडतो.

किटण नाही, तरी वास किंवा लाल हिरड्या

दात स्वच्छ दिसत असताना वास येत असेल तर तोंडाबाहेर पाहावे. मूत्रपिंडे निकामी होत असताना तोंडाला अमोनियासारखा वास येतो आणि जिभेच्या कडांना व्रण पडतात. स्पॅनियलमध्ये खालच्या ओठाची घडी कुजूनही वास येतो. हिरडीतून प्रमाणाबाहेर रक्त येत असेल, तर आपल्या भागात गोचीड ताप आधी आठवावा. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया जिवाणूच्या संसर्गात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात आणि अशा कुत्र्याचे दात काढायला घेणे जोखमीचे ठरते. म्हणून भूल देण्यापूर्वी रक्तगणना, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी हा आग्रह खर्चिक वाटला तरी सोडू नये.

लाळ गाळणारा, तोंड मिटू न शकणारा आणि "काहीतरी अडकलंय" म्हणून आणलेला कुत्रा हा दातांचा रुग्ण समजून त्याच्या तोंडात हात घालू नये. रेबीजमध्येही खालचा जबडा असाच लुळा पडतो. लसीकरणाचा आणि चाव्याचा इतिहास विचारल्याशिवाय अशा प्राण्याची तपासणी पुढे नेऊ नये.

मांजरांची गोष्ट वेगळी आहे. हिरडीच्या काठाशी दात विरघळत जाण्याचा विकार मांजरात सर्रास आढळतो. तिथे हिरडी दातावर चढल्यासारखी दिसते आणि भुलीतही अवजार लागताच जबडा थरथरतो. असा दात कितीही वेळा साफ केला तरी लाली हटत नाही; तो काढावाच लागतो. घशापर्यंत पसरलेला लालभडक दाह हा प्लाकला शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसाद असतो आणि त्यातही बहुतेक वेळा दात काढण्यापर्यंत जावे लागते. मांजराचे तोंड उघडे ठेवण्यासाठी स्प्रिंगचा गॅग मुळीच वापरू नये. जबडा फार ताणला गेला तर मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा अडून मांजर आंधळे होऊ शकते.

भुलीमुळे घाई होत असेल तर

अर्धवट स्वच्छतेचे एक कारण पशुवैद्यकाच्या मनातली भुलीची धास्ती हेही असते. कफ (हवेने फुगणारा पट्टा) असलेली नळी श्वासनलिकेत घालून, घशात गॉज ठेवून आणि डोके किंचित खाली कलते ठेवून काम केले तर पाणी फुप्फुसात जाण्याची भीती उरत नाही आणि पशुवैद्यकाला शांतपणे वेळ घेता येतो. नळी काढण्यापूर्वी घशातला गॉज बाहेर आल्याचे दोघांनी मोजून पाहावे. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असला तरी फवाऱ्याच्या पाण्याने आणि वातानुकूलनाने लहान कुत्र्याचे तापमान झपाट्याने उतरते, त्यामुळे अंगाखाली उबदार गादी आणि अंगावर कोरडे आवरण हवे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची ही स्वच्छता मे महिन्यात शक्यतो घेऊच नये. घ्यावीच लागली तर भल्या सकाळी घ्यावी आणि कुत्रा पूर्ण सावध होईपर्यंत त्याला उन्हाच्या प्रवासाला सोडू नये. काम करणाऱ्यांनी मास्क आणि चष्मा लावावा, कारण फवाऱ्यातून जिवाणू हवेत उडतात.

प्रत्येक प्राण्याच्या दातांचा तक्ता भरून ठेवावा. तीन आकडी क्रमांकाच्या पद्धतीत वरची उजवी चौथी उपदाढ १०८ आणि डावी २०८ असते. त्यासमोर पॉकेटची खोली, हलण्याचे प्रमाण आणि केलेले काम लिहावे. पंधरा दिवसांनी फक्त हिरडी पाहण्यासाठी आणि तीन महिन्यांनी प्लाक रंगवून पाहण्यासाठी मालकाला बोलवावे. दुसऱ्या भेटीत रंग सगळ्या दातांवर पसरलेला दिसला तर ब्रशची पद्धत पुन्हा दाखवावी, आणि तो एखाद्याच दाताच्या काठाशी गडद दिसला तर तक्त्यातला त्या दाताचा जुना आकडा काढून तेथे प्रोब पुन्हा उतरवावा.